कुक्कुटपालन मंडळाचं लंडनचं विमान

रविवार, १० सप्टेंबर १९७२
बारा एप्रिलच्या पानावर मी लिहिलं आहे की आज मी कुक्कुटपालन मंडळाची सभासद झाले. ते चूक आहे. त्या दिवशी मी फक्त अर्ज दिला. मंडळाने तो मंजूर केला वीस तारखेला. आज जुनी पानं चाळताना लक्षात आलं. जेवण गेलं नाही.

प्रकरण असं. कॉव्हेंट्रीला यांच्याकडे जायचा माझा परवानगीचा कागद तीस ऑक्टोबरपर्यंतच चालतो. तो मिळायला अकरा महिने लागले होते. विमानाचं नेहमीचं भाडं सरकारांनी आणि कंपन्यांनी मिळून बांधलेलं. कुणी कमी घ्यायचं म्हटलं तरी घेता येत नाही, आणि आम्हाला ते झेपत नाही. स्वस्त फक्त चार्टर विमान. पण त्यात बसायला कुठल्यातरी मंडळाचं सहा महिन्यांचं सभासदत्व लागतं, आणि ते मंडळ प्रवासासाठी काढलेलं नसावं. म्हणून नगरचे एजंट गहिनीनाथभाऊ यांनी कोंबड्यांचं काढलं.

विमान चौदा ऑक्टोबरला. मला सहा दिवस कमी पडतात.

सोमवार, ११ सप्टेंबर
गहिनीनाथभाऊंना विचारलं. पोट धरून हसले. म्हणाले, ताई, बाकीचे एकोणचाळीस मेंबर मागच्या आठवड्यात झालेत, तुमी तर मंडळाच्या आजी!

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून मंडळाची चिटणीस मीच आणि वही माझ्याकडे. सगळ्यांच्या नावापुढे एप्रिलची तारीख घाला म्हणाले. घातली. पण शेजारी दुसरा रकाना आखून त्यात खरी तारीख लिहिली. आता वहीत खोटं असं काही राहिलेलं नाही.

गुरुवार, १४ सप्टेंबर
बाजारातून सहा कोंबड्या आणल्या. सभासदाकडे कोंबड्या असायला हव्यात. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, तू जाशील गोऱ्याच्या देशात, अन् ह्यांची घान म्या काढू व्हय? मी नियम समजावला. त्या म्हणाल्या, ह्यो नेम तुज्या सासऱ्याच्या काळात न्हवता.

यांचं पत्र. तीन ओळी. घाई करू नकोस, इथे थंडी फार. किती काळजी करतात.

रविवार, १७ सप्टेंबर
संकल्प: त्या सहा दिवसांचा विचार पूर्ण बंद.
संध्याकाळी: केला.

मंगळवार, १९ सप्टेंबर
विमान कंपनीच्या मुंबई ऑफिसला रजिस्टर पत्र टाकलं. विचारलं एवढंच की सभासदत्व अर्जाच्या तारखेपासून धरतात की मंजुरीच्या. पुरावा म्हणून वहीची नक्कल जोडली, दोन्ही रकान्यांसह. कुणाचीही तक्रार केलेली नाही. फार हलकं वाटलं. दोन भाकरी खाल्ल्या.

बुधवार, २७ सप्टेंबर
बेलापूरच्या राहीबाई आल्या. त्यांचा मुलगा यांच्याच कारखान्यात आहे. नातू तीन वर्षांचा झाला, अजून तोंड पाहिलेलं नाही. त्याच्यासाठी बाजरीच्या खारोड्या, शेवया आणि चांदीचं कडदोरं बांधून ठेवलं आहे. कडदोरं बेतानं केलं, पोटाचा अंदाज फोटोवरून. म्हणाल्या, पोरी, वर गेल्यावं म्या तुजा हात धरनार बग, लंडन येस्तवर सोडनार न्हाई. मी बरं म्हटलं. त्यांची खरी तारीख तीन सप्टेंबर आहे.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
कंपनीचे ऑफिसर स्वतः आमच्या गावात, देवळालीत आले. पत्राची एवढी दखल! गहिनीनाथभाऊंनी घाईने जमतील तेवढे सभासद बोलावले. ऑफिसर सज्जन वाटले. चहा दिला. माझ्या कोंबड्या पाहिल्या, मोजल्या, लिहून घेतल्या. मग राहीबाईंना विचारलं, आजी, तुमच्या किती? राहीबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ पुढे केली. म्हणाल्या, सायेब, म्या माळकरी. कोंबडीला शिवतबी न्हाई.
ऑफिसरांनी तेही लिहून घेतलं.
जाताना मला नमस्कार करून गेले. माझं काम होणार असं दिसतं.

सोमवार, ९ ऑक्टोबर
सगळ्या मंडळाचं बुकिंग रद्द.
गहिनीनाथभाऊंचा आवाज बसला होता. म्हणत होते, आतल्याच कुनीतरी घात केला. राहीबाई ओट्यावर बसून म्हणाल्या, ज्यानं कागुद धाडला त्याला त्याच्या लेकराचं त्वांड दिसू नये. मी त्यांना पाणी दिलं. बोलणारच होते, पण त्या पाणी पीत होत्या.
रागाच्या भरात माणूस ऐकून घेत नाही. शांत झाल्यावर सांगेन.

गुरुवार, १२ ऑक्टोबर
यांना तार केली होती की येता येत नाही. उत्तर दुसऱ्या दिवशीच आलं. इतक्या लवकर कधीच येत नाही.
"ठीक आहे."
तारेत शब्द कमीच वापरायचे असतात.

शनिवार, १४ ऑक्टोबर
आजचं विमान. कोंबड्यांनी चार अंडी दिली. कागदाचे सोळा दिवस उरले.

सोमवार, १६ ऑक्टोबर
कंपनीचं उत्तर. सभासदत्व अर्जाच्या तारखेपासूनच धरतात. माझ्या बाबतीत प्रश्नच नव्हता. तपासाअंती मंडळात पात्र सभासद एकच आढळल्या, त्या मी. मात्र एका व्यक्तीसाठी चार्टर विमान सोडता येत नाही, याबद्दल कंपनी दिलगीर आहे.
म्हणजे मी बरोबर होते.
अंथरुणातून उठावंसं वाटत नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर. दसरा.
राहीबाई सोनं द्यायला आल्या. देव्हाऱ्यापाशी विमानाचं चित्र असलेला तो लिफाफा दिसला. म्हणाल्या, आपल्या विमानाचं हाय ना? वाच.
मी उघडला. म्हटलं, कोंबड्यांच्या रोगाची माहिती आहे.
त्या म्हणाल्या, बरं. मग माज्या पोराला दोन वळी लिव्ह. म्हातारी येत न्हाई म्हनावं. कडदोरं पार्सलनं धाडते, आखूड झालं तर वाढवून घे. तू लिव्ह, तू खोटं लिवत न्हाईस.
लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला. मग माझा हात धरून बसल्या. बराच वेळ सोडला नाही.

तेव्हाच सांगणार होते. पण सणाचा दिवस. उद्या एकादशी, उपाशी बाईला असलं काही ऐकवू नये. परवा सकाळी साडेआठच्या एसटीने बेलापूरला जाऊन, पत्र त्यांच्यासमोर ठेवून, सगळं सांगणार. गुरुवार, १९ ऑक्टोबर.