आर्याचा वर केलेला हात

मंगळवार, संध्याकाळ

चहा कधीच गार झालाय.

शाळा सुटल्यावर माझ्या दुसरीतली आर्या आमच्या शेलार गावच्या रस्त्यावर सरळ कंटेनरसमोर जाऊन उभी राहिली. तो नियम मोडून उलट्या बाजूने गोदामाकडे येत होता. तिने हात वर केला, मी वर्गात शिकवला तस्साच, तळवा समोर आणि बोटं जुळवलेली. मी फाटकात होते. करकचून ब्रेक लागला. हातभर अंतर राहिलं असेल, जेमतेम.

ड्रायव्हर घामाघूम होऊन खाली उतरला. "मॅडम, बच्ची को ये सिखाया किसने?"

मीच की! चांगला नागरिक कसा असतो ते सांगताना मीच म्हटलं होतं, नियम मोडणारा कितीही मोठा असू दे, न घाबरता थांबवायचं. वर्गात खडूने रस्ता आखून पोरांना पोलीस केलं होतं. त्या खेळात प्रत्येक गाडी थांबायची.

आर्या खुशीत. "बाई, थांबला बघा!" मी तिला नुसती पोटाशी धरली. रागवायचं राहूनच गेलं.

आत्ता मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला होता. उद्या परिपाठात तिचा सत्कार करायचाय. मी चक्क "बरं" म्हटलं. नको म्हणायला हवं होतं. पण मग पोरांना काय सांगू, मोठ्यांना घाबरा म्हणून?

डोळे मिटले की तो एवढासा तळवा दिसतो. उद्या सगळी शाळा टाळ्या वाजवेल. आणि शाळा सुटल्यावर रस्त्यावर किती हात वर होतील?