साडी कोणी नेसवली

आये, तुझ्यामुळं माझी पेन्शन गेली, हे आधी सांगते, मग बाकीचं. नामंजूर. अपंगत्व तेवढं नाही म्हणे. कंपनीतल्या पॅकिंग मशीननं उजवा हात खांद्यापासून ओढला, बोटं मिटत नाहीत, भाकरी थापता येत नाही, केसांना कंगवा लावता येत नाही, आणि ह्यांच्या कागदावर मी धडधाकट. हे डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नको.

झालं काय ते ऐक. मेडिकल बोर्डाकडं जायचं म्हणून मी सकाळीच सुनेला उठवलं. चांगली साडी काढ, अंबाडा घाल, बांगड्या चढव. ती म्हणाली, "आई, आपण लग्नाला चाललोय का?" मी म्हटलं, गप नेसव. कारण तुझंच डोक्यात बसलंय. लहानपणी घणसोलीच्या घरात मी तापानं फणफणतेय, डोळे उघडत नाहीत, आणि तू मला चुलीपुढं बसवून तेल लावून वेणी घालतेस, वर पावडर. "डॉक्टरसमोर अशी जाशील? लोक बोलतील, या पोरीला आय नाय." डॉक्टर म्हणाला, ही तर बरी दिसते. पण त्यानं कपाळाला हात तरी लावला, आणि लावल्याबरोबर तुझ्यावर ओरडला. ह्या बोर्डवाल्यांनी हातच लावला नाही. टेबलामागं तिघे बसलेले. मधला मला वरून खाली बघतो आणि विचारतो, "मावशी, साडी छान नेसलीय. स्वतः नेसता?" आता तीन परक्या पुरुषांसमोर काय सांगू, की मला परकरसुद्धा सून बांधते? मी म्हटलं, "मग काय तुम्ही येता नेसवायला?" ते हसले. मीपण हसले. आणि कागदावर लिहिलं, स्वतः कपडे घालते.

आता अपील केलंय. गुरुवारी दुसरं बोर्ड बसणार. सून म्हणते, या वेळी गाऊनवर चला, केस तसेच राहू दे, आणि विचारलं तर परकराचंही सांगा. मुलगा? माझ्या गोळ्या आणतो, पिशवी ठेवतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. याही वेळी नाही म्हणाले तर मरेपर्यंत त्या पिशवीची वाट बघायची. सून बरोबर बोलते, मला कळत नाही असं नाही. काल ती कामाला गेल्यावर केस मोकळे सोडून आरशासमोर उभी राहिले आणि डॉक्टरांना सांगायचं ते मोठ्यानं बोलून बघितलं. मशीनचं बोलले, बोटांचं बोलले. परकरापाशी आले आणि तोंड बंद. घरात कुणी नव्हतं तरी.

हा कागद मी टाकणार कुठं, तुला जाऊन किती वर्षं झाली. पण तू होतीस तोवर तू सांगायचीस आणि मी मुकाट्यानं करायचे, विचारलं कधीच नाही. आता विचारतेय. गुरुवारी सकाळी सून विचारेल, साडी काढू का नको. तू मला बुधवारपर्यंत सांग.