हॉलमधली रेंज

१ जानेवारी २०२६, गुरुवार. खोडद

नवीन डायरी. संकल्प एकच. गेल्या वर्षीचे उरलेत ते तसेच पुढे चालू.

सकाळी पप्पूचा फोन. हॅपी न्यू इयर झालं, मग म्हणाला, बाबा, होसूरचं जवळजवळ ठरतंय. होसूर म्हणजे पार तमिळनाडू. त्याच्या चाकणच्या कंपनीचा तिकडं नवा प्लँट निघतोय आणि याला स्टोअरचा हेड करणार आहेत. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे, तेव्हा सगळे खोडदला येतो म्हणाला. त्यातल्या रविवारी, पंचवीसला, तिकडच्या साहेबाचा व्हिडिओ कॉल आहे, त्यात काय ते फायनल सांगायचं.

मी म्हणालो, बरं.

मला काही वाटलं नाही. नोकरीत बदल्या होतात. मी स्वतः एसटीत कंडक्टर होतो, अख्खा जन्म माणसं चढवण्या-उतरवण्यात गेला.

संकल्प: या खेपेला पोरांशी निवांत बोलायचं. दिवाळीत आली होती तेव्हा पप्पूचं तोंड मोबाइलमध्ये, सुनेचं मोबाइलमध्ये, आरोही तर घासही स्क्रीनकडे बघत गिळायची. नातीनं माझ्याकडे एकदाच बघितलं, चार्जर कुठंय विचारायला.

३ जानेवारी, शनिवार

आयडिया सुचली. दाढी करताना सुचली, त्यामुळे हनुवटीवर थोडं कापलं.

दिवाळीत पप्पूनं कॉम्प्युटरचा एक पार्ट आणला होता, चंदेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत. तेव्हा त्यानं सगळं समजावलं होतं. माणसाच्या अंगात स्टॅटिक वीज साठते, बोटातून बारीक ठिणगी उडते आणि तेवढ्यानं पार्ट मरतो. म्हणून टेबलावर काळी फिल्म अंथरतात. ती कंडक्टिव्ह, म्हणजे वीज हळूच जमिनीत नेऊन सोडते. चंदेरी असते ती शिल्डिंगची. बाहेरचं आत येऊ देत नाही.

मी यातलं मुख्य तेवढं लक्षात ठेवलं. बाहेरचं आत येऊ देत नाही. हॉलला आतून ही फिल्म लावली तर रेंज आत येणार नाही. रेंज नाही तर मोबाइल बंद. मोबाइल बंद झाला की माणूस समोरच्याशी बोलतोच, दुसरं करणार काय?

होसूरच्या कॉलशी याचा काही संबंध नाही. हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

८ जानेवारी, गुरुवार

नारायणगावला कुशाबा भंगारवाल्याकडे गेलो. काळ्या फिल्मचा मोठा रोल मिळाला आणि चंदेरीचे थोडे तुकडे. कुठल्यातरी कारखान्यातनं आलेला माल. कुशाबानं विचारलं, "शेततळ्याला का भाऊ?" मी म्हणालो, लॅबला. का म्हणालो माहीत नाही, पण म्हटल्यावर बरं वाटलं.

कंडक्टिव्ह फिल्म वापरणं अवघड असतं म्हणतात. मला नाही वाटत. मी मूळचाच कंडक्टर.

घरी बायकोनं, साळूनं, रोल बघितला आणि विचारलं, ह्यात काय गुंडाळणार? मी म्हणालो, वेळ आली की कळेल. ती म्हणाली, "मला आत्ताच कळाया लागलंय."

९ जानेवारी, शुक्रवार

टेस्ट घेतली. मोबाइल चंदेरी तुकड्यात गुंडाळून टेबलावर ठेवला. शेजारच्या भिकाला सांगितलं, तुझ्या ओट्यावरनं रिंग दे. वाजला.

गुंडाळीचं तोंड उघडं राहिलं होतं. दुमडून चिकटपट्टी लावली. वाजला. आणखी एक थर दिला. तरी वाजला, पण आवाज बारीक झाला. म्हणजे शिल्डिंग सुरू झालंय, थोडं वाढवायला हवं. भिका म्हणाला, "राव, फडक्यात गुंडाळला तरी आवाज बारीकच यील की." भिकाचं शिक्षण कमी. मी वाद घातला नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

फार मोठं यश.

थंडी कोरडी पडली आहे. त्या पॉलिस्टरच्या ब्लँकेटमुळे साळू सोफ्यावरून उठून दाराच्या कडीला हात लावते आणि चटका बसतो. रोज माझ्या नावानं ओरडते, जसा काही कडीत मीच बसलोय. आज सोफ्यावर काळी फिल्म अंथरली आणि तिची तार नळाच्या लोखंडी पाइपाला जोडली. साळूला बसवलं, उठवलं, कडीला हात लावायला सांगितला. काही नाही. परत बसवलं, उठवलं. काही नाही. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, माझ्या चुलीवर दूध हाय.

पण शास्त्र सिद्ध झालं. फिल्म काम करते. एक काम करते म्हणजे दुसरंही करणार.

(पांढऱ्या पायजम्याची मागची बाजू काळी झाली. साळू म्हणते निघत नाही. किरकोळ.)

१५ जानेवारी, गुरुवार

पप्पूला फोन केला. आडून विचारलं, तुमच्या त्या फिल्मनं मोबाइलची रेंज अडते का रे? तो म्हणाला, नाही बाबा, ती स्टॅटिकसाठी असते. काळीनं तर काहीच होत नाही, चंदेरीनं फार तर थोडी कमी होईल. रेंज अडवायला सगळीकडून बंद असा धातूचा डबा लागतो, अर्थिंग-बिर्थिंग नीट केलेला. का हो?

मी म्हणालो, सहज.

अर्थिंग. हाच पॉइंट राहिला होता. बरं झालं विचारलं.

होसूरबद्दल बोलायचं मनात होतं, पण विषय टेक्निकल चालला होता, मधे तोडणं बरं दिसलं नसतं.

१८ जानेवारी, रविवार

हॉल पूर्ण झाला. चारी भिंती काळ्या. छताला चिकटेना, तिथं खिळे मारले. चंदेरी तुकडे दाराच्या वर. अर्थिंगची तार खिडकीतून बाहेर काढून पाइपाला दिली. खिडकी तूर्त उघडी ठेवली आहे, पाहुण्यांसमोर झाकू.

साळू दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "लोक तोंडाला काळं फासत्यात. तुमी घराला फासलं."

भिका येऊन गेला. त्यानं विचारलं, कोंबड्या पाळताय का?

नंतर साळू भाकरी थापता थापता म्हणाली, "पोराला काय सांगायचं ते तोंडानं सांगा. भितीला कागद लावून व्हतंय व्हय?" मी म्हणालो, याचा पप्पूच्या नोकरीशी काहीएक संबंध नाही. ती म्हणाली, मी नोकरीचं नावच घेतलं न्हाई.

बायकांना टेक्निकल कळत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी शेताच्या बाजूनं फिरून आलो. आमच्या खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना सगळ्या एकाच दिशेला तोंड करून होत्या. आभाळातलं कुठलं तरी लाखो वर्षांपूर्वीचं ऐकतात म्हणे. आमच्याकडे तीन फुटांवरचं ऐकू जात नाही.

चालता चालता वाक्याची प्रॅक्टिस केली. "पप्पू, विचार कर." फार छोटं वाटतं. "पप्पू, आम्ही दोघं इथं आहोत." हे तर त्याला माहीतच आहे. "पप्पू, जाऊ नकोस." हे मोठ्यानं म्हणून बघितलं. कोथिंबिरीला पाणी धरणारा एक गडी वळून म्हणाला, "मला म्हणलात का?"

वाक्य आयत्या वेळी सुचेल. तिकीट मागतानाही मी कधी प्रॅक्टिस केली नव्हती.

साहेबाचा कॉल लागला नाही तर काही आभाळ कोसळत नाही. कंपनी दुसरा कोणी बघेल. हे आपलं सहज मनात आलं म्हणून लिहिलं.

२४ जानेवारी, शनिवार

आले.

हॉलमध्ये पाऊल टाकताच आरोहीनं मोबाइलमधून मान वर केली. माझ्या आयडियाचा पहिला विजय. म्हणाली, आबा, हे हॉरर आहे का? आणि लगेच फोटो काढून कोणाला तरी पाठवला. मी विचारलं, गेला का? ती म्हणाली, लगेच गेला.

सूनबाई सोफ्यावर बसली आणि म्हणाली, बाबा, इथं रेंज छान येते हो. मंचरला माहेरी गच्चीवर जावं लागतं.

खिडकीचा दोष. खिडकी झाकली. रेंज तशीच राहिली, पण उजेड गेला. बल्ब लावला तरी काळ्या भिंती सगळा उजेड पिऊन टाकतात. थोड्या वेळानं आरोही अंगणात गेली, तिच्यामागे सूनबाई गेली, मग पप्पू कोणाशी तरी बोलत बोलत गेला. तिघंही बाहेर उन्हात बसली, तीन मोबाइल घेऊन. मी आत चंदेरी तुकडे नीट बसवत होतो.

जेवताना बोलणार होतो. वांग्याचं भरीत होतं. पप्पूला फार आवडतं, तो मन लावून खात होता. खाणाऱ्याला मधेच कशाला.

उद्या सकाळी नक्की. कॉलच्या आधी.

२५ जानेवारी, रविवार

सकाळी पप्पू म्हणाला, चला, ओझरला गणपतीला जाऊन येऊ. गाडीत मी पुढे त्याच्या शेजारीच बसलो. चांगली संधी होती. पण तो गाडी चालवत होता, आणि चालकाशी बोलू नये हे मी आयुष्यभर पाटीवर वाचलेलं.

देवळात रांगेत तो माझ्या मागे होता. मागे वळून कसं बोलणार?

परत आलो. कॉल दुपारी होता. पप्पू घरभर जागा शोधत फिरला. अंगणात शेजारचा ट्रॅक्टर, स्वयंपाकघरात साळूचा कुकर, आतल्या खोलीत कपाटाच्या आरशात सगळा पसारा दिसतो. मी मनात म्हणत होतो, बघू काय होतं. मग तो हॉलमध्ये गेला. खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवली, मोबाइल समोर उभा केला, बल्ब थोडा तिरका केला आणि स्वतःला स्क्रीनवर बघितलं.

म्हणाला, "बाबा, हे लई भारी केलंय तुमी. मागं एकदम प्लेन ब्लॅक. चमक नाय, आवाज नाय. ऑफिसात पण असं मिळत नाय." मग जरा थांबून म्हणाला, "माझ्या कॉलसाठी केलंत ना? म्हणून तेव्हा रेंजचं विचारत व्हता."

हीच वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच. मोबाइल हातात नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. दिवाळीपासून मी ज्याची वाट बघत होतो ते सगळं जमून आलं होतं.

मी म्हणालो, हो. म्हटलं, तुझं कामाचं असतं.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनाही चटका बसला नाही. मग त्याचा फोन वाजला, स्वच्छ, मोठ्यानं, आणि मी बाहेर येऊन दार लावून घेतलं.

कॉल संपेपर्यंत मी दाराशी उभा होतो. भिका ओट्यावरून काहीतरी ओरडून विचारायला लागला, त्याला हातानं गप्प केलं. साळूला कुकर उतरवायला लावला. आतून पप्पूचा आवाज येत होता, इंग्रजीत. सगळं समजलं नाही. "येस सर" समजलं. पुष्कळ वेळा होतं.

बाहेर आला तेव्हा तोंड उजळलं होतं. साहेब म्हणाला म्हणे, कुठल्या स्टुडिओत बसलायस? पप्पूनं सांगितलं, माझ्या वडिलांनी करून दिलंय.

साळूनं त्याच्या हातावर साखर ठेवली. मग माझ्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी शाळेत झेंडावंदन. दुपारी पोरं गेली. जाताना आरोही पाया पडली. पप्पू म्हणाला, बाबा, बोलायचं राहूनच गेलं आपलं. मी म्हणालो, तुझी काय ती गडबड.

संकल्प: फोनवर सगळं सविस्तर सांगायचं. अजून उशीर झालेला नाही, सामान हलायचंय.

१ फेब्रुवारी, रविवार

फोनवर सांगितलं नाही. सर्दी होती. आवाज घोगरा असला की माणसाला भलतंच वाटतं.

हॉलची फिल्म काढली. भिंतीचा रंगही सोबत निघाला. खिळ्यांमुळे छताचे पोपडे पडले. साळू केरसुणी घेऊन आली आणि माझ्याबरोबर गोळा करायला लागली. एकदा कोपऱ्यात पाठमोरी बराच वेळ वाकून राहिली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, धूळ गेली डोळ्यात. त्या कोपऱ्यात नुसती फिल्म पडली होती, धूळ नव्हती. मी तिच्या हातातली केरसुणी घेतली.

७ फेब्रुवारी, शनिवार. चाकण

पप्पूकडे सामान बांधायला आलोय. फिल्म सगळी घेऊन आलो. कॉम्प्युटर उघडून त्यातले पार्ट पप्पूनं चंदेरी तुकड्यांत घातले आणि बाहेरून काळी गुंडाळायचं काम माझ्याकडे दिलं. हात लावण्याआधी नळाच्या पाइपाला बोट लावायचं, मग पार्ट धरायचा, असं त्यानं शिकवलं. मी तसंच केलं. दिवसभर आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. तो म्हणायचा, कात्री. मी द्यायचो. तो म्हणायचा, टेप. मी द्यायचो.

या कामात बोलता येत नाही, लक्ष लागतं. एक जरी ठिणगी उडाली तरी पार्ट मरतो.

माझ्या हातून एकही मेला नाही, असं पप्पूनं सूनबाईला सांगितलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. खोडद

संध्याकाळी पप्पूचा फोन आला. पोहोचलो म्हणाला. सामान नीट आलं, कॉम्प्युटर एका झटक्यात चालू झाला. घर चांगलं आहे, गॅलरी आहे. आरोहीला शाळा मिळाली. मग म्हणाला, आज मला काही काम नाही बाबा, निवांत आहे. तुम्ही बोला.

मी हॉलमध्ये बसलो होतो. आवाज इतका स्वच्छ येत होता की त्याच्याकडचा पंखा ऐकू यायचा.

फोन साळूला दिला.