उजवी पाकळी

३ फेब्रुवारी २०२५, शिरूर
लिलाव झाला. घर गेलं! ह्यांची कंपनी बंद पडली, हप्ते थकले, तेव्हापासून हा दिवस येणार हे ठाऊक होतं. मला वाटलं, आता सामान रस्त्यावर फेकणार. बँकेतल्या पूनम मॅडमना फोन केला — रडतच. त्या म्हणाल्या, "ताई, लगेच कुणी बाहेर काढत नाही. ताब्याचा आदेश निघेल, तहसील कचेरीतून तारीख येईल. तोवर राहा. त्याआधी स्वतःहून चावी दिलीत तर मी एकटी येईन. नाहीतर पोलीस, पंच, कुलूप तोडणं... ते आपल्याला नको."
आपल्याला म्हणाल्या! बँकेची बाई. देव तिचं भलं करो.

६ फेब्रुवारी
माझा भाऊ संपत दौंडला रेल्वेत आहे. त्यानं ह्यांना मालधक्क्यावर मुकादमाचं काम बघून दिलं. स्टेशनजवळ दोन खोल्याही बघितल्या. मी आभार मानायला लागले तर म्हणतो, "येडी का काय तू?"
सगळं जुळतंय. अडलंय फक्त आत्यांपाशी — माझ्या सासूबाई. देव्हाऱ्यापुढं घोंगडी टाकून बसल्यात. "देव उठत न्हाई तवर मी उठत न्हाई." खंडोबाचा टाक तिथं मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जायच्या आधी स्वतःच्या हातानं बसवला. आता देवाचा कौल घेतल्याशिवाय तो हलवायचा नाही म्हणे.

९ फेब्रुवारी, रविवार
कौल लावला. टाकाच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव निघायला राजी. डावी पडली तर नाही. सगळे टक लावून बसलो.
डावी पडली.

१० फेब्रुवारी
हे चिडले. "आये, पोलीस मला दंडाला धरून भाईर काढतील! सगळी गल्ली बघंल!"
आत्या म्हणाल्या, "मेंढरांमागं निम्मा जन्म गेला माझा. आज ह्या रानात, उद्या त्या. म्हातारपणी भिंती मिळाल्या. त्या सोडायच्या तर देवानं सांगावं, बँकेनं न्हाई."
हे उठले. बाहेर जाऊन मोटारसायकल पुसत बसले. स्वच्छच होती ती. मला आत्यांचा राग आला, आणि लगेच त्यांची कीवही.

१३ फेब्रुवारी
तारीख आली — पंचवीस. पूनम मॅडम मुद्दाम सांगायला आल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या, आत्यांशेजारी खालीच बसल्या. सगळं समजावलं. लाईटबिल भरून पावती ठेवा. पंखे, गिझर न्या, ते तुमचे. दारं-खिडक्या, नळ काढू नका. काही राहिलंच तर पंचनाम्यात लिहून ठेवतील, नंतर नेता येईल.
आत्यांनी विचारलं, "आन् देव राहिला तर?"
बिचाऱ्या मॅडम! चहाचा कप खाली ठेवून त्यांनी देव्हाऱ्याला हात जोडले.

१६ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा डावीच.

२० फेब्रुवारी
आमची भांडी पोत्यात बांधली, तशी शेजारची शितल दोन्ही वेळा जेवण आणून देतेय. बेसन, भाकरी, वर ठेचा. नणंदेनं कवठे येमाईहून बाजरी धाडली. मला वाटलं होतं, लिलावाचं कळलं की लोक तोंड फिरवतील. एकानंही फिरवलं नाही. कुणाकुणाचे उपकार लक्षात ठेवू!
सकाळी हे न्हाणीत गेले आणि नळ सोडला. पाण्याच्या आवाजातूनही हुंदका ऐकू आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना रडताना पहिल्यांदाच ऐकलं. मी आत्यांकडं बघितलं. त्या देवाकडंच बघत होत्या. ऐकू आलं की नाही, कळलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
उजवी! उजवी पडली!
आज आत्यांनी आधी आम्हा दोघांना डोकं टेकवायला लावलं. "म्या सांगते तवर वर बघायचं न्हाई." वर बघतो तर उजवी पाकळी खाली! आत्या स्वतःच घोंगडी झटकत उठल्या. "चला. देव उठला."
देवा खंडोबा, किती रे धावून आलास! संपतला लगेच टेम्पोचं सांगितलं.

२४ फेब्रुवारी
चावी दिली. मॅडम शब्दाला जागल्या, एकट्याच आल्या. फोटो काढले, सही घेतली, चावीची पोच दिली. निघताना माझा हात धरला. पोलीस नाही की बघ्यांची गर्दी नाही. हे ताठ मानेनं टेम्पोत चढले.
घर मी झाडून काढलं. आत्यांनी उंबऱ्याला भंडारा वाहिला आणि ओट्यावर माठ भरून ठेवला. म्हणाल्या, "मेंढरांचा तळ हलवताना मागून येणाऱ्याला पाणी ठिवायचं आसतं." मग टाक पदरात घेऊन ड्रायव्हरशेजारी बसल्या.

२ मार्च, दौंड
आज नव्या देव्हाऱ्यात देव बसवला. हे कामावर गेल्यावर आत्या हळूच म्हणाल्या, "प्रतिभे, त्या दिशी बी डावीच पडली व्हती. म्या ती परत चिटकवली आन् उजवी बोटानं पाडली."
"का हो आत्या?"
"देव रुसला तर समजूत काढता येती. माझं पोर रडत व्हतं."