तुमची जाडी गांडुळं बादलीत आहेत

अहो,

"या घरात माणसांपेक्षा गांडुळांचे लाड जास्त," असं सकाळी दात घासताना पुटपुटलात, ते ऐकलं मी. लाड कसले, निस्तरणं आहे! गळासाठी आणलेली जाडी गांडुळं तुम्ही माझ्या खताच्या क्रेटमध्ये सोडलीत, का तर खाऊन आणखी लठ्ठ होतील. त्यांना खोल, गार माती लागते. कचऱ्याच्या उबेत ती तगत नाहीत. निम्मी बाहेर पडून ओट्याखाली फिरत होती. वेचून मातीच्या बादलीत ठेवली आहेत. माझ्या बारक्या लाल गांडुळांना मात्र कचराच मानवतो. त्यांना गळाला लावू नका.

मी डॉक्टरांकडे तुमचा नंबर लावायला गेले आहे. गळाची काठी शोधू नका, ती शेजारच्या वहिनींकडे दिली आहे. खुशाल रागवा, पण तळ्यावर एकटे जाऊ नका. परवा तिथे पाय घसरला म्हणालात, लेकीने मान डोलावली, मीही चिखलाच्या नावाने बोटं मोडली. पण तुमच्या चपला कोरड्या होत्या. तुमचा पाय घसरला नव्हता. तुम्हाला चक्कर आली होती, आणि ती पहिली नव्हती.