न सुजलेला अंगठा

५ मार्च
कटर घसरला! डावा अंगठा स्टीलच्या पट्टीच्या पुढे आला होता, दुसरं काय. रक्त थांबल्यावर पुस्तकं बांधायची चिकटपट्टीच गुंडाळली आणि परत कामाला बसले. ऑर्डर शाळेची आहे, थांबून चालायचं नाही. धाकट्या बहिणीला कळवलं नाही. तिने मला किडनी दिली तेव्हापासून मी शिंकले तरी ती धावत येते.

११ मार्च
लाली नाही, सूज नाही, ठणका नाही. गुणाची जखम! फक्त मिटत नाही.

१९ मार्च
धाकटीने चिकटपट्टी ओढून काढलीच. "ताई, हे काय गं!" आणि दंडाला धरून मला थेट दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणाले, लाल नाही हीच तर पंचाईत आहे. पेशी फाटल्या की त्यांच्या आतलं बाहेर सांडतं. शेजारच्या पेशी ते ओळखतात आणि बोंब ठोकतात. मग रक्तवाहिन्या सैलावतात, पांढऱ्या पेशी धावत येतात, घाण उचलतात, आणि त्यांच्या मागून नवं मांस भरायचं काम सुरू होतं. लाली, सूज, ठणका म्हणजे हीच धावपळ! माझ्या अंगात ती औषधांनी दाबून ठेवलीय. नाहीतर त्याच पेशी धाकटीच्या किडनीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतील. पण त्यातली एक गोळी जखम भरू देत नाहीये. ती बदलू म्हणाले. त्यात किडनीला थोडा धोका आहे.

मी म्हटलं, नको. अंगठा गेला तर जाऊ दे.

२० मार्च
धाकटी सकाळीच येऊन कडाडली. "किडनी वापरायला दिलीय, कपाटात जपून ठेवायला नाही! आणि माझ्यापासून लपवतेस? मी काय परकी आहे?"

काय सांगू तिला? माझ्यासाठी तिने स्वतःचं पोट कापून घेतलं. ते वाया गेलं तर कुठल्या तोंडाने तिच्यासमोर उभी राहू? रडले. तीही रडली.

गोळी बदलायला हो म्हटलं.

२ एप्रिल
ठणकतंय!! जखमेची कड लालसर, जराशी सुजलेली. मी घाबरले, पण नर्सबाईंनी दाबून पाहिलं — "पू नाही. मांस भरतंय. बोंबला आता हवं तेवढं!" बोंबलले. आख्ख्या दवाखान्याने वळून पाहिलं.

१७ एप्रिल
रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी ठणठणीत! जीव भांड्यात पडला. आज अंगठ्याने कागदाची घडी दाबली. दुखलं, पण दाबली.

२१ एप्रिल
धाकटी आली होती. मी थट्टेत म्हटलं, "दुखलं ना, की फार बरं वाटतं बघ!" ती हसली नाही. कुशीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "माझंही दुखतं, ताई. टाके घातले होते तिथे. ऑपरेशनपासून, रोज. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मी उठले, तिला दंडाला धरलं आणि दवाखान्यात घेऊन गेले.