शिळं झेंडावंदन

११ ऑगस्ट, सोमवार

आईचा फोन. खुब्याचं हाड नीट जुळलंय. डॉक्टर खूश, बाबा नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता उभं राहायलाच हवं, नाहीतर पाय आखडतील आणि कायमचे अंथरुणाला खिळाल. बाबांचं एकच — पडलो तर?

"तू सांग ना. तुझं ऐकतात," आई म्हणाली. माझं कधी ऐकलंय त्यांनी? ऐकलं असतं तर न्हाणीघरात धरायला दांडी आधीच बसली असती.

मग तिने फोन त्यांच्या कानाला लावला. नुसता श्वास ऐकू येत होता. तो ऐकत ऐकत मी भांडी घासून टाकली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१२ ऑगस्ट

चष्म्याच्या दुकानाची मागची खोली, मी आणि काचा. घासायच्या, पुसायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या. आज एक जाड काच डोळ्याशी धरली आणि खिडकीबाहेरचा रस्ता विरघळून गेला. माणसांचे नुसते ठिपके झाले. त्यातला एक पांढरा ठिपका बाबांसारखा चालत होता, एक खांदा खाली सोडून. काच बाजूला केली तर भलताच कुणीतरी. पुन्हा काच लावली. पुन्हा बाबा.

"काच तपासतेस की सिनेमा बघतेस?" मालक म्हणाले.

१३ ऑगस्ट

वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन गेल्या. इथल्या आपल्या लोकांचं सगळं त्याच बघतात. झेंडावंदन रविवारी, दुपारचा हॉल मिळालाय, "आणि हो, साडी नेस, नाहीतर येशील तशीच ॲप्रन घालून." शुक्रवारी या देशात कुणाला सुट्टी नाही. म्हणून दरवर्षी आपला पंधरा ऑगस्ट येतो तो रविवारीच.

पहिल्या वर्षी हे बाबांना सांगितलं तेव्हा केवढे तापले होते. "पंधराचं पंधरालाच! देश काय तुमच्या सुट्टीसाठी खोळंबलाय?" तेव्हापासून दरवर्षी आई फोनवर विचारते, झालं का गं तुमचं? आणि मागून बाबांचा आवाज येतो — "झालं असेल शिळं झेंडावंदन."

यंदा मागून तो आवाज येणार नाही असं वाटतंय.

१४ ऑगस्ट

बसमध्ये डुलकी लागली. डुलकीत आमचं जुनं स्वयंपाकघर होतं आणि रेडिओ लागला होता.

राष्ट्रगीत कानावर पडलं की घरात सगळ्यांनी उभं राहायचं. रेडिओवर लागो, नाहीतर समोरच्या शाळेतून येवो. बाबा गालांना साबण फासून सावधान. मी खरकट्या हाताने. आई गॅससमोर, आणि दूध वर येतंय, येतंय, गेलं उतू. एकदा आई चिडलीच. बाबा म्हणाले, "दूध परत आणता येतं."

मी तापाने फणफणले होते तेव्हाही उठले होते. पाय लटपटत होते. बाबांनी सावधान मोडून पाठीला हात लावला, गीत संपेपर्यंत काढला नाही. त्यांना सावधान मोडताना मी तेवढं एकदाच बघितलं.

बस दोन थांबे पुढे गेली. चालत परत आले. तो हात अजून पाठीवर होता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

इथे जेवणाची सुट्टी, तिकडे सकाळ. आईने व्हिडिओ लावला. बाबांची खुर्ची खिडकीशी ओढली होती, समोर शाळेचं मैदान. बाबांनी दाढी केली होती! मला उगाच आशा वाटली.

राष्ट्रगीत सुरू झालं, फोनमधून अगदी बारीक, लांबून आल्यासारखं. मी डबा ठेवून उभी राहिले. तेवढ्यात मालक आत आले. मला बघून तेही हात सरळ करून उभे राहिले.

बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बोटं पांढरी पडली. कंबर जराशी उचलली आणि परत टेकली. गीत संपायच्या आतच म्हणाले, "खिडकी लाव."

जन्मात पहिल्यांदा बाबा बसून राहिले. आई रडत होती. मला रडू नाही आलं, राग आला, त्या खुर्चीचा.

"वडील?" मालकांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझ्या कामाच्या टेबलावरचा दिवा लावून दिला आणि बाहेर गेले.

१६ ऑगस्ट

ठरवलंय. उद्या हॉलमधून फोन लावणार. आई म्हणते, नको गं, परत खचतील. मी म्हटलं, तू फक्त फोन त्यांच्यासमोर ठेव. बघोत, न बघोत.

शिळं तर शिळं.

१७ ऑगस्ट, रविवार

फसलं सगळं.

हॉलच्या खिडकीत फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, मी पूर्ण दिसेन असा. पलीकडे बाबा खुर्चीत, तोंड भिंतीकडे. "बाबा, शिळं झेंडावंदन," मी म्हटलं. मान जरा वळली, बस्स.

काकूंनी राष्ट्रगीताचा सूर एवढा वर लावला की अर्धे लोक तिथवर पोहोचलेच नाहीत. खिडकीतून पिवळं ऊन येत होतं, माणसं त्यात तरंगल्यासारखी दिसत होती, आणि मध्येच मला वाटलं की हेच आमचं स्वयंपाकघर. सावधान असताना फोनकडे कसं बघणार? संपल्यावर बघितलं तर पडदा काळा. मध्येच कधीतरी तुटलं होतं. पुन्हा लावला. लागेचना. तिचं खरं होतं, नव्हतं करायला हवं.

खुर्ची ओढून कोपऱ्यात बसले. चहा आणून दिला कुणीतरी. तो प्यायला, दुसराही प्यायला.

१७ ऑगस्ट, संध्याकाळी

आईचा फोन. आधी नुसतीच हुंदके देत होती. मग हसायला लागली.

तिकडे फोन तुटला नव्हता, त्यावर माझं चित्र अडकून राहिलं होतं. मी, साडीत, सावधान. आवाज बंद, चित्र तसंच. आणि बाबा उठले. भिंतीला धरून, मग भिंत सोडून. आई फोन घ्यायला गेली तर हात लावू देईनात. "अहो, चित्र अडकलंय, त्यांचं केव्हाच संपलं असेल. बसा आता." तर म्हणाले, "पोरगी अजून उभी आहे."

मी चहा पीत होते तेव्हा.